आठल्यांची घोडी

करोल बाग, नवी दिल्ली
२४ फेब्रुवारी १९८५

ति. ताईस,
विश्वनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

माईच्या दिवसकार्यानंतर मी एकही पत्र टाकलं नाही, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी ऐक. परवा पहाटे आपल्या फार्मवर पहिलं शिंगरू जन्मलं. मादी आहे. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, काळी आयाळ, आणि पाय म्हणशील तर अंगाला शोभणार नाहीत इतके लांब. धडपडत, पडत, पुन्हा उठत ती उभी राहिली आणि सरळ आईच्या कासेला लागली. मी लहान मुलासारखा रडलो, ताई. हसू नकोस.

मानेसरच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी जमीन घेतली, हे तुला बोललो होतो. तिथे पागा बांधल्या, हिरवळ लावली. गुडगावचा कारखाना आता माझ्याशिवाय चालतो. मोटारींचे सुटे भाग करून करून मला कंटाळा आला. क्लच प्लेटीला काय जीव असतो? या शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ अडीचशे वर्षं मागे लिहिलेली असते, आई कोण, बाप कोण, कुठे पळाले, किती जिंकले. आठल्यांची वंशावळ पणजोबांपाशी संपते आणि त्यांचंही नाव आपल्याला धड माहीत नाही.

तुला आठवतं, अण्णासाहेब आपल्याला सुटीच्या दिवशी फिरायला न्यायचे? रेसकोर्सच्या कुंपणापाशी मला खांद्यावर घ्यायचे. टापांचा आवाज यायचा, टोप्या दिसायच्या, घोडे दिसायचे नाहीत. मी म्हणायचो, आत जाऊ या. ते म्हणायचे, "सरकारी कारकुनानं बाहेरूनच बघायचं असतं." ते वाक्य माझ्या छातीत अजून रुतलेलं आहे. आता मी आत जाणार आणि माझी घोडी घेऊन जाणार.

तिचं नाव मी 'चंद्रप्रभा' ठेवलं. आपल्या माईचं. हे सगळ्यांत आधी तुला कळवतो.

आमची वृंदा हिसारला जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे फार्म तीच बघणार.

तुझा,
विश्वनाथ

ता. क. वन्संना नमस्कार. यांनी शिंगराचा फोटो देवघरात माईंच्या फोटोशेजारी लावलाय. मी काढला, यांनी पुन्हा लावला. आता दोघींना एकच हार घालते. — प्रभा


पुणे
९ मार्च १९८५

चि. विश्वनाथ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिंगरू सुखरूप जन्मलं, आनंद वाटला. रडलास याला मी कशाला हसू? लहानपणी तू कबुतराचं पिल्लू मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास.

पण नाव बदल. पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. उद्या ही घोडी हरली तर हजारो माणसं तिला शिव्या घालतील. त्या कोणाच्या नावाने घालतील? माई जन्मभर पत्त्याचा डाव मांडला तर उठून आत जायची.

आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हा बोलले नाही. शेवटच्या आठवड्यात माई दारावर टकटक झाली की विचारायची, "विशू आला का?" मी सांगायची, येतोय. तू तेव्हा परदेशात लिलावात उभा राहून घोडी पसंत करत होतास. विमानाचं तिकीट मिळत नाही असा तुझा निरोप आला, आणि निगमबोध घाटावर अग्नी माझ्या जयंतने दिला. तू आणलेली ती घोडी पोटात शिंगरू घेऊनच आली. त्या शिंगराला तू माईचं नाव देतोस. हे ऋण फेडणं आहे की आणखी काही, तुझं तुला ठाऊक.

लागलं असेल तर लागू दे. थोरली आहे मी. वृंदाला सुटीत इकडे पाठव, तिचं मराठी फार बिघडलंय. मागच्या पत्रात तिने 'मला खूप अच्छा वाटलं' असं लिहिलं होतं.

तुझी,
ताई


पुणे
१९ सप्टेंबर १९८८

चि. विश्वनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तू दिल्लीला पोचल्याची तार मिळाली, निघताना पाठवलेले पेढेही मिळाले. तुला वाटलं असेल की ताई रेसकोर्सवरून घरी जाऊन अंघोळ करून मोकळी झाली असेल. तर ऐक.

साडेतीन वर्षं मी तुझ्या घोडीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. परवा तू हट्टाने मला पुण्याच्या रेसकोर्सवर नेलंस, मी तोंड वाकडं करून बसले, ते तू पाहिलंसच. पण शेवटच्या वळणावर ती बाहेरच्या बाजूने निघाली ना, तेव्हा मी, बत्तीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवलेली बाई, खुर्चीवरून उठून ओरडले, "चल माई, चल!" जयंत माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. एवढं सुंदर मी फार दिवसांत काही पाहिलेलं नाही. तू नाव ठेवलंस म्हणून मी तुला बोलले, त्यातला निम्मा राग परवा गेला. निम्मा आहे अजून.

तुझा जॉकी श्याम मला नंतर नमस्कार करायला आला. केवढासा आहे रे! माझ्या सातवीतल्या मुलांएवढा दिसतो. त्याची बायको अलका लोणी काळभोरची, तीही आली होती. दिवस गेलेत तिला. म्हणाली, "शर्यत सुटली की मी डोळेच मिटून घेते, आत्याबाई." मी तिला घरी बोलावलंय.

वृंदा आता डॉक्टर शोभते. घोडी थांबल्याबरोबर सगळे कपाकडे धावले, ती एकटी घोडीचे पाय चाचपत बसली होती. तुला पोर चांगली निघाली, विशू. कपापेक्षा तिचं कौतुक कर.

तुझी,
ताई


ग्रेटर कैलाश, नवी दिल्ली
६ फेब्रुवारी १९८९

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

करोल बागेतलं घर सोडून इकडे आलो, पत्ता नीट लिहून ठेव. नव्या घराला मोठा हॉल आहे. पुण्याचा आणि मुंबईचा, दोन्ही कप तिथेच मांडलेत.

मार्चमध्ये दिल्लीची मोठी शर्यत आहे. चंद्रप्रभा उतरणार. मी कोणाकोणाला बोलावलंय ते ऐकशील तर चकित होशील. दोन मंत्री, मोटार कारखान्याचे डायरेक्टर, आणि अण्णासाहेबांच्या खात्याचे आताचे सेक्रेटरी. त्यांच्या खात्यातल्या एका कारकुनाचा मुलगा त्यांना मालकांच्या कक्षात चहा पाजणार. बस, एवढंच मला हवं आहे.

वृंदाला घोडीच्या पुढच्या डाव्या पायात थोडी ऊब लागली. घोडी म्हटल्यावर पाय गरम होणारच. पण डॉक्टर लोक घाबरट. एक्स-रे काढला, मग म्हणे हाडाला बारीक चीर आहे, चार महिने विश्रांती द्या. ट्रेनरने दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो काही नाही. बघू या. तू काळजी करू नकोस.

तुझा,
विश्वनाथ

ता. क. वन्सं, घरात बाप-लेक जेवताना बोलत नाहीत. तुम्ही यांना दोन शब्द लिहा. तुमचं ऐकतात. — प्रभा


पुणे
१४ फेब्रुवारी १९८९

चि. विश्वनाथ यास,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. वृंदाचं ऐक. तिला पाच वर्षं शिकवलंस ते कशासाठी? चार महिन्यांनी शर्यती संपणार आहेत का? सेक्रेटरीला चहा घरी बोलावून पाज.

अलकाला मुलगी झाली. श्याम दिल्लीला निघण्यापूर्वी बारसं उरकून गेला.

तुझी,
ताई


नवी दिल्ली
३० मार्च १९८९

ति. ताईस,
सा. न.

वर्तमानपत्रात वाचलं असशील. चंद्रप्रभा गेली. शेवटच्या वळणावर, सगळ्यांच्या पुढे असताना, तिचा पाय मोडला. तिथेच इंजेक्शन द्यावं लागलं. श्याम तिच्या खाली सापडला. जिवावरचं निभावलं, पण पाठीचा मणका दुखावलाय, कमरेखाली संवेदना नाही. मी सगळ्यात चांगले डॉक्टर लावलेत. बिल्कुल कसूर ठेवलेली नाही.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच ठेव. शर्यतीपूर्वी वृंदाने घोडीला पुन्हा तपासून, चीर भरली म्हणून पास केलं होतं. तिच्या भरवशावर मी उतरवली. रेस क्लबच्या पंचांच्या चौकशीत तिने तसं कबूल केलं. तिला आता रेसच्या घोड्यांना हात लावायची बंदी झाली. पोर आहे, चुकली. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. पण ती मनाला लावून घेऊन घर सोडून गेली. बहुधा तुझ्याकडेच येईल. तिला समजावून सांग की बाप रागावलेला नाही.

तुझा,
विश्वनाथ

प्रभाला बरं नाही, म्हणून तिने खाली काही लिहिलेलं नाही.


पुणे
१८ एप्रिल १९८९

चि. विश्वनाथ यास,
आशीर्वाद.

वृंदा आली आणि गेलीही. मी तिला काही विचारलं नाही. शिरा करून वाढला, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "चुका सगळ्यांच्याच हातून होतात गं. अलकाला चार ओळी लिही, माफी माग, मन हलकं होईल." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पुन्हा शिरा वाढायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली गेले, परत येते तो पिशवी नाही आणि मुलगी नाही. कुठे गेली, काही कळलं का? माझं काय चुकलं, तेच मला समजत नाही.

फोटोतली माई आज दिवसभर माझ्याकडे बघतेय असं वाटतं.

तुझी,
ताई


करनाल
२९ एप्रिल १९८९

प्रिय कुमुदआत्या,
नमस्कार.

न सांगता निघून आले, सॉरी. मी तुझ्याकडे सगळं सांगायलाच आले होते. पण तू 'चुका सगळ्यांच्याच हातून होतात' म्हणालीस आणि मला कळलं की बाबांचं पत्र माझ्या आधी पोचलंय. मग सकाळी पिशवी उचलली. इथे एका दूध संघाच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. आता लिहिते. माझं मराठी तुझ्यासारखं नाही, सांभाळून घे.

मी घोडीला पास केलं नव्हतं. तिच्या नळीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. मी ती एक्स-रेवर बाबांना बोट ठेवून दाखवली होती. ते 'अच्छा' म्हणाले होते. मग शर्यतीच्या आठवड्यात पाहिलं तर ट्रेनर तिला पळवत होता. मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, "तिला उतरवलंत तर पाय मोडेल."

"कदाचित," ते म्हणाले.

"कदाचित नाही. आणि पाठीवर माणूस असेल."

"दोन-अडीच मिनिटांची रेस आहे, वृंदा. तेवढा वेळ पाय टिकला की बस. नंतर तिला जन्मभर आराम. तिची शिंगरं तूच वाढव."

"मग मी पंचांना जाऊन सांगते."

बाबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग हसले. म्हणाले, "तू माझ्यावर गेलीस. ठीक आहे, शर्यतीतून तिचं नाव काढून घेतो." त्या दिवशी आम्ही कित्येक आठवड्यांनी एकत्र जेवलो. आईने मुद्दाम पुरणपोळी केली. मी खूश होते, आत्या. वाटलं, बाबांनी माझं ऐकलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी फार्मवरून फोन आला, गाभण घोडी अडली आहे, ताबडतोब या. मी गाडी काढून धावले. जयपूर रोडवर ट्रकांची रांग लागली होती, मी रडकुंडीला आले. पोचले तर ती घोडी मजेत गवत खात होती. मॅनेजर जमिनीकडे बघत म्हणाला, "साहब का हुक्म था, बेटी."

तेव्हा समजलं. तशीच परत फिरले. मैदानावर पोचले तेव्हा वळणावर पडदे धरले होते. घोड्याला शेवटचं इंजेक्शन देताना लोकांना दिसू नये म्हणून पडदे धरतात. नंतर ट्रेनरनेच सांगितलं, सकाळपासून तिचा पाय बर्फात ठेवला होता. म्हणजे तपासणाऱ्याच्या हाताला ऊब लागू नये.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "चौकशी होईल. मी सांगणार आहे की तू पास केलं होतंस." मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ते म्हणाले, "नीट विचार कर. माझं लायसन गेलं तर फार्म बंद. फार्म बंद झाला तर श्यामचं कोण बघणार? त्याची जन्माची जबाबदारी मी घेतो, शब्द देतो. तू लहान आहेस, तुला काय, फार तर बंदी येईल. आणि उद्या लग्न होऊन जाशील."

शर्यतीसाठी दिल्लीला आलेली अलका समोर बसली होती. मांडीवर दीड महिन्याची मुलगी. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "डॉक्टरबाई, हे पुन्हा चालतील ना?"

मी पंचांसमोर हो म्हटलं, आत्या. मी पास केलं, म्हटलं. आता दिवसभर म्हशी तपासते. घोड्याचा वास कुठून आला की खिडकी लावून घेते.

आईला सगळं माहीत आहे.

तुझी,
वृंदा


पुणे
५ मे १९८९

विश्वनाथ,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो मुद्दाम.

वृंदाचं पत्र आलं. ते वाचून मी आधी माझ्याच हाताकडे पाहिलं. हाच हात मी त्या पोरीच्या पाठीवरून मायेने फिरवला आणि तिला माफी मागायला सांगितलं. तू मला तुझ्या खोटेपणात वाटेकरीण केलंस.

घोडी मेली, त्याला तू दैव म्हणशील. श्याम पडला, त्यालाही म्हणशील. पण मुलीला खोटा फोन करून वाटेतून दूर केलंस आणि मग तिच्याच माथी सगळं मारलंस, हे कोणत्या दैवात बसतं? कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने तुला जन्मात कधी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. अण्णासाहेब ऑफिसची टाचणी घरी आणायचे नाहीत.

पंचांकडे जा आणि खरं सांग. अलकाला खरं सांग. नाहीतर या वर्षापासून भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस. वृंदालाही मी लिहिलंय, चौकशी पुन्हा उघडण्यासाठी अर्ज कर. ती नको म्हणेल, पण मी तिला करायला लावीन.

कुमुद


नवी दिल्ली
११ जून १९८९

ति. ताईस,
सा. न.

तुझं पत्र खिशात घेऊन महिनाभर हिंडलो. फाडलं नाही.

हो, पाय बर्फात होता. सगळेच ठेवतात, मी पहिला नाही. तो पाय दोनशे पावलं आणखी टिकला असता तर आज तू मला पेढे मिळाल्याचं पत्र लिहिलं असतंस. पुण्यात 'चल माई' म्हणून ओरडलीस तेव्हा तिच्या पायात काय होतं, तू विचारलं होतंस?

तुम्ही सगळे शाळा आणि ऑफिस यांच्यामध्ये स्वच्छ राहिलात. मी करोल बागेत ग्रीसमध्ये हात घालून उभा होतो, तेव्हा तुझ्या लग्नाचा खर्च कुठून आला हे अण्णासाहेबांनीही विचारलं नव्हतं. सेक्रेटरीसाहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. वळणापर्यंत माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. घोडी पडल्यावर तो हात उचलला गेला. त्यानंतर त्यांचा फोन नाही. माझं काय गेलं ते तुला कळणार नाही.

श्यामसाठी दिलेला शब्द मी पाळतोय आणि पाळीन. त्याला गावी खोली बांधून दिली, औषधं, माणूस, सगळं वेळेवर पोचतं. माझा धंदा बसला तर ते सगळं बसलं. हे लक्षात ठेवून वृंदाला काय शिकवायचं ते शिकव.

पुढच्या मार्चपासून 'चंद्रप्रभा स्मृती चषक' सुरू करतोय. माईच्या नावाचा आहे, घोडीच्या नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पहिला कप तिच्या थोरल्या लेकीने द्यावा अशी इच्छा आहे. भाऊबीजेला येऊ नको म्हणालीस, येणार नाही. तू ये.

प्रभाला म्हटलं, चार ओळी लिही. तिने पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. एप्रिलपासून माझं ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

विश्वनाथ


पुणे
८ डिसेंबर १९८९

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

जानेवारीत तुझी पुन्हा चौकशी लागल्याचं कळलं. मीच तुझ्यामागे लागून तो अर्ज करायला लावला, म्हणून हे पत्रही मीच लिहायला हवं.

परवा जयंतला घेऊन लोणी काळभोरला गेले. मला वाटलं, चौकशीत अलका आणि श्याम तुझ्या बाजूने बोलले तर तुझं काम होईल. श्याम पलंगावर होता. खिडकीतून रस्ता दिसेल असा पलंग ठेवलाय. माझ्या नमस्काराला त्याने हसून हात जोडले. दंड अजून घोडा आवरणाऱ्याचेच आहेत, पायांवर चादर.

मी सगळं सांगितलं. बर्फ, खोटा फोन, तुझा जबाब, सगळं. वाटलं होतं, अलका रडेल, किंवा विशूला शिव्या देईल. ती मुलीला भात भरवत होती, भरवतच राहिली.

श्याम म्हणाला, "आत्याबाई, मला ठाऊक होतं. सुरुवातीच्या जागेवर नेतानाच घोडी डावा पाय चोरत होती. घोडीवर बसल्यावर कळतंच."

मी म्हटलं, "मग उतरला का नाहीस?"

"उतरलो असतो तर पुन्हा कोणी चढवलं नसतं."

मी अलकाला म्हटलं, "वृंदाचा यात काही दोष नाही. एवढं तू पंचांना लिहून दे." तेव्हा तिने ताटली खाली ठेवली. म्हणाली, "डॉक्टरबाईंचा दोष नाही, ते आम्ही कधी म्हणलंच नाही. पण खरं बाहेर आलं तर सायेब बसतील. सायेब बसले तर ह्यांना कुशीवर वळवायला येणारा माणूस बंद होईल. पाठीला जखमा झाल्या की महिन्यात माणूस जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. खरं सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल, डॉक्टरबाई मोकळ्या होतील. आम्ही कुठं जायचं?"

मी म्हटलं, कोर्टात जाता येईल, भरपाई मागता येईल. तिने विचारलं, "किती वर्षांनी?" जयंत वकील आहे, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

निघताना तिने माझा हात धरला. "सायबांनी तुम्हाला बक्षीस द्यायला बोलावलंय म्हणे. तुम्ही नाही म्हणालात. जा, आत्याबाई. तुम्ही रुसलात तर त्यांचं मन आमच्यावरनं उडंल. त्यांना सांगा, श्याम आठवण काढतो."

वृंदा, मी त्यांच्या घरचा चहा घेतला आणि परत येऊन तुझ्या बाबांना कार्ड टाकलं की मार्चमध्ये येते. वर 'चि. विश्वनाथ यास, अनेक आशीर्वाद' असं लिहिलं. ते लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा उभ्या आयुष्यात कुठलं पत्र लिहायला लागला नव्हता.

चौकशीचं तू तुझं ठरव. तू खरं बोललीस तरी मी तुझ्याच बाजूने उभी राहीन. पण जे ऐकलं ते तुझ्यापासून लपवणं मला जमलं नाही. तुझ्यापासून एकदा लपवलं गेलंय, तेवढं पुरे.

तुझी,
आत्या


करनाल
२ जानेवारी १९९०

प्रिय आत्या,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण मला तुझा खूप राग आला होता. मग श्यामच्या पाठीचा विचार केला. जनावर एका कुशीवर पडून राहिलं की त्याचं काय होतं, ते मी रोज बघते.

आई मागच्या रविवारी इथे येऊन गेली. माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे, म्हणून आम्ही दोघी पलंगावर बसलो. ती म्हणाली, "मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "आता नको बोलूस." तिने सगळी भांडी घासून ठेवली, माझ्या स्वेटरचं बटण लावलं आणि चारच्या बसने परत गेली. तिकडे राहते, पण बाबांशी बोलत नाही. पुढेही बोलणार नाही, म्हणाली.

मी काल दिल्लीला जाऊन अर्ज मागे घेतला. तिथल्या बाबूने विचारलं, "मॅडम, पक्का? दुसऱ्यांदा संधी नाही." मी सही केली. म्हणजे बंदी कायमची. म्हशी चांगल्या असतात, आत्या. त्यांच्याकडून कोणाला काही जिंकायचं नसतं.

तू मार्चमध्ये जा. चांगली साडी नेस. कप देताना फोटोत हस, बाबा तो फोटो हॉलमध्ये लावतील आणि त्यांचं मन श्यामवर टिकेल.

आणि कोणी घोडीचं विचारलं तर एकच सांग. तिथले लोक विचारतील, नक्की विचारतील. डोळे खाली घालू नकोस, थांबू नकोस, दुसरं काही बोलू नकोस. सांग, डॉक्टर आमचीच मुलगी होती आणि चूक तिची होती.

मी रोज आरशासमोर म्हणून बघते. आता जमायला लागलंय. तुलाही जमेल.

तुझी,
वृंदा